बाजूला ठेवलेले कोकरू

म्हाकूतात्यांचे स्मरण झाले की त्यांच्या चेहऱ्याआधी मला त्यांचे हात दिसतात. रुंद, खरबरीत, धुतल्यावरही लोकरीचा वास न सोडणारे हात. ज्या मनुष्याला सारी पंचक्रोशी चेहऱ्यांचा जाणकार मानीत होती, त्याचाच चेहरा आठवण्यासाठी मला डोळे मिटून बसावे लागते, ही गोष्ट मला पुष्कळदा अस्वस्थ करते.

निमगाव केतकीत मी तीस वर्षे संस्कृत शिकवले आणि निवृत्तीनंतरही तेथेच राहिलो. दर पौर्णिमेला नरसिंहपूरला जावे, भीमा-नीरेच्या संगमावर स्नान करावे, देवाचे दर्शन घेऊन संध्याकाळच्या एसटीने परतावे, एवढाच माझा प्रवास. तात्यांची वस्ती आमच्या गावापासून कोसभर अंतरावर. त्यांचे वडील पावसाळा सरला की मेंढरे घेऊन घाट उतरत आणि कोकणात जात. तात्यांच्या काळात ते फिरणे थांबले. कालव्याचे पाणी आले, मागोमाग ऊस आला, आणि मुलगा संपत बारामतीहून दुधाचा टँकर चालवू लागला. तरी तात्यांनी पंधरा-वीस मेंढ्या ठेवल्याच होत्या. कोणी हसले तर म्हणत, "देव्हाऱ्यात देव किती लागत्यात? तेवढी पुरं."

त्यांच्या कीर्तीचे मूळ या मेंढ्यांतच होते. दिवसभर मेंढ्या चरायला जात आणि कोकरे घरी जाळीच्या वाघरीत कोंडलेली असत. सांजेला मेंढ्या परतल्या की एकच कल्लोळ उठे. तात्या वाघरीत शिरत, एकेक कोकरू उचलत, त्याच्या तोंडाकडे क्षणभर पाहत आणि नेमके त्याच्या आईच्या कासेला नेऊन लावत. वडिलांच्या कळपात दोन-दोनशे कोकरे असत, तेव्हाही त्यांची चूक झाली नव्हती, असे जुनी माणसे सांगत. एखाद्या कोकराची आई ठरली नाही, तर ते काहीही न बोलता बाजूला ठेवीत. मग सगळी पाजून झाल्यावर त्या बाजूच्या कोकराला एखाद्या शेळीला लावीत. पण आधी ते बाजूला जाई. बोलण्याचे कारण नसे. सगळ्यांना त्याचा अर्थ ठाऊक होता.

जो कोकराची आई ओळखतो तो माणसाचे मूळ ओळखणारच, असे लोकांनी केव्हा ठरवले ते मला सांगता येणार नाही. मी गावात आलो तेव्हा ती रीत रूढ होऊन गेली होती. बारशाच्या दिवशी पाळण्यात घालण्याआधी मूल तात्यांच्या हाती द्यायचे. तात्या त्याच्याकडे पाहत आणि ते कुणावर गेले आहे ते सांगत, आणि ज्याच्यावर गेले असेल त्याच्या मांडीवर नेऊन ठेवत. ते माणूस हयात नसेल, तर देव्हाऱ्यातल्या त्याच्या चांदीच्या टाकाला मुलाचे कपाळ टेकवत. गेलेले माणूस त्याच घरात पुन्हा येते, ही आमच्याकडची श्रद्धा. तात्या त्या येण्यावर जणू साक्षीची मोहोर उमटवीत.

माझा मुलगा झाला तेव्हा मीही त्यांना बोलावले होते. शास्त्र शिकलेला मी. दोरीच्या ठिकाणी साप दिसतो तो दोरीत नसतो, पाहणाऱ्याच्या भयात असतो, हे मुलांना फळ्यावर लिहून शिकवणारा. तात्यांनी मुलाकडे पाहिले आणि म्हणाले, "कपाळ तुमच्या वडलांचं हाय, गुर्जी." माझ्या वडिलांना त्यांनी एकदाच, स्वतःच्या लहानपणी, संगमावर पाहिले होते. त्या दिवसापासून आम्हा सगळ्यांना ते कपाळ दिसू लागले. मुलगा रुसला की वडील रुसत तसा दिसे, हसला की वडील हसत तसा. पुष्कळ वर्षांनी एका नातेवाइकाकडे वडिलांचे छायाचित्र सापडले. कपाळ अरुंद होते, केस भुवयांपर्यंत उतरलेले. माझ्या मुलाचे कपाळ तर परातीसारखे. माझी पत्नी बराच वेळ त्या छायाचित्राकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली, "फोटो नीट आलेला नाही." मीही मान डोलावली. आजही मुलाकडे पाहिले की मला वडीलच दिसतात.

तात्यांच्या शब्दाला खरे वजन आले ते जगबुडीच्या शनिवारी. त्या वर्षी सगळ्यांच्या मोबाईलवर एक निरोप फिरत होता. ग्रह एका ओळीत येणार आणि शनिवारी दुपारी बारा वाजता पृथ्वी पाण्याखाली जाणार, असा. पहिल्यांदा लोक हसले. गुरुवारपर्यंत हसणे थांबले. शुक्रवारी आठवड्याच्या बाजारात मिठाईचे दुकान दुपारीच रिकामे झाले; जग बुडायचेच तर तोंड गोड करून बुडावे, असा विचार दुकानदारासकट सगळ्यांनी केला असावा. काही बायांनी लेकींना माहेरी आणवले. मला कोणी विचारले, तर मी पंचांग उघडून असे काही नाही म्हणून सांगितले. परंतु पंचांग छापणाऱ्याला आधी कसे कळणार, असे ते उलट विचारीत.

शनिवारी सकाळी वीस-पंचवीस माणसे तात्यांच्या वस्तीवर गेली. मीही कुतूहलाने गेलो. तात्या लिंबाखाली काठीला तेल लावीत बसले होते. त्यांनी सगळ्यांचे ऐकून घेतले, उठले, मेंढ्यांपाशी गेले आणि परत येऊन सांगितले, "मेंढरं निवांत रवंथ करत्यात. आक्रीत व्हायचं असतं तर त्यास्नी आदी कळलं असतं. जावा घरला, भाकरी खावा."

लोक गेले. बारा वाजले, एक वाजला, भाकरी खाऊन झाल्या. त्या दिवसापासून तात्या केवळ जाणकार राहिले नाहीत. मेंढरांनी सांगितले आणि तात्यांनी ऐकले, अशी कथा बारामतीपर्यंत गेली.

पुढच्या पौर्णिमेला संगमाच्या घाटावर ते माझ्याशेजारी पाय पाण्यात सोडून बसले होते. मी सहज म्हणालो की मेंढरांना अशी पूर्वसूचना होते हे मी प्रथमच ऐकले. तात्या पाण्याकडे पाहत हसले.

"ती रोजच तशी बसत्यात, गुर्जी."

मी त्यांना कावळ्याची आणि ताडाच्या फळाची गोष्ट सांगितली. कावळा फांदीवर बसायला आणि फळ पडायला एकच गाठ पडते, आणि पाहणारा म्हणतो, कावळ्याने पाडले. तात्यांना ती फार आवडली. काही वेळाने ते म्हणाले, "खरं झालेलं तेवढं मान्सं ध्यानात ठिवत्यात. चुकल्यालं कोन सांगायला येतंय? पर तुमी हे बाहीर बोलू नका. त्यास्नी आधार हुतो."

मी कधीही बाहेर बोललो नाही. न बोलण्याचा हा माझा गुण आहे, असे मी तेव्हा समजत होतो.

त्यानंतर दोन-तीन वर्षांत तात्यांची पत्नी गयाबाई वारली. शांत बाई होती. बारशाला तात्या निघाले की ती त्यांच्या खांद्यावर धुतलेले उपरणे टाकी आणि म्हणे, "नीट बघा. लोकाचं लेकरू हाय." तिचा टाक देव्हाऱ्यात बसवला त्या दिवशी तात्यांनी मला बोलावले होते. तो लहानसा पत्रा त्यांनी डोळ्यांच्या अगदी जवळ नेऊन पाहिला, मग दूर धरून पाहिला, आणि अखेर नुसता अंगठा फिरवून जागेवर ठेवला. मी ते पाहिले, परंतु दुःखी माणसाचे वागणे म्हणून सोडून दिले.

मग एके दिवशी बाजारात ते माझ्या समोरून, हातभर अंतरावरून गेले आणि मी हाक मारली तेव्हा थांबले. "उनानं डोळं दिपलं," म्हणाले. आणि त्यानंतर नरसिंहपूरला, गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी हात जोडून उभे असताना त्यांनी मला हळूच विचारले, "आज देव काय नेसलाय?"

मी म्हणालो, "पिवळा पितांबर आहे."

"व्हय, पिवळाच," तात्या म्हणाले आणि मोठ्याने देवाचे नाव घेतले.

देवाच्या अंगावर त्या दिवशी लाल वस्त्र होते. माझी जीभ सवयीने बोलली होती. मी वर पाहिलेच नव्हते. उंबऱ्यावर आम्ही दोघे उभे होतो, एकाला दिसत नव्हते आणि एकाने पाहिले नव्हते. घरी परतताना एसटीत मला उमगले की तात्यांचे डोळे गेले आहेत. मी त्यांना काही विचारले नाही. वडीलधाऱ्या माणसाचे व्यंग त्याच्या तोंडावर कसे बोलावे, असा विचार केला. तो विचार सभ्य होता. त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली.

संपतचे लग्न मोरगावच्या मंगलशी झाले होते. तिकडची जिरायती शेती, ज्वारी-बाजरी आणि चार शेळ्या असलेल्या घरातली मुलगी. कमी बोलणारी आणि बोलली तर सरळ बोलणारी. गयाबाईंना जाऊन वर्ष व्हायच्या आत तिला मुलगी झाली. संपत टँकर घेऊन आठ-आठ दिवस बाहेर असे. मुलीच्या जन्माच्या वेळीही तो वाटेत होता.

बारशाला अंगणात मांडव घातला होता. नावाचे अक्षर सांगण्यासाठी मला बोलावले होते, पण नाव सगळ्यांनी आधीच ठरवून टाकले होते. सून नांदते आहे, सासू वर्षाच्या आत परत आली आहे, मुलगीच झाली आहे. आणखी काय खूण हवी? बाया कुजबुजत होत्या, हनुवटी बघा, जिवणी बघा, गयाच की. देव्हाऱ्यापुढे समई लावून वाट मोकळी ठेवली होती. तात्यांनी मूल घ्यायचे आणि गयाबाईंच्या टाकापाशी न्यायचे, एवढेच बाकी होते.

मंगलने मूल तात्यांच्या हाती दिले. तात्यांनी मान खाली घातली. मांडवातली कुजबुज थांबली. मी त्यांच्यापासून दोन हातांवर बसलो होतो. त्यांची नजर मुलाच्या तोंडावर नव्हती. थोडी बाजूला, दुपट्याच्या काठावर होती. ओठ हलले आणि मिटले. मग तात्या वळले, पायाने चाचपत पाळण्यापर्यंत गेले, दोरी हाताला लागेपर्यंत हात हवेत फिरवला, मूल पाळण्यात ठेवले आणि घोंगडे सावरून मांडवाबाहेर निघून गेले.

कोणी काही बोलले नाही. बोलण्याचे कारण नव्हते. त्या गावातल्या प्रत्येकाने वाघरीतल्या तात्यांना पाहिले होते. ज्याची आई ठरत नाही त्या कोकराचे काय करतात, हे सगळ्यांना ठाऊक होते. आणि इथे आई तर समोर बसली होती, तेव्हा न ठरणारा दुसरा कोण, हे ज्याचे त्याने मनातल्या मनात ओळखले. आत्याने पाळण्याची दोरी धरली होती, ती सोडली. नाव ठेवायचे राहून गेले. पत्रावळी वाढल्या गेल्या, लोक खाली माना घालून जेवले.

तात्यांचा हात दोरी शोधत हवेत फिरला, तो मी पाहिला होता. मांडवात ते जाणणारा मी एकटा होतो. तेव्हाच उठून मी म्हणायला हवे होते की यांना दिसत नाही. मी माझे पंचांग गुंडाळले आणि चपला शोधू लागलो.

पुढचे सगळे कुजबुजीतच घडले. संपतला कोणी स्पष्ट सांगितले नाही, पण मित्रांनी चहाच्या टपरीवर गप्प बसून सांगितले. महिनाभराने मंगल मूल घेऊन मोरगावला गेली. तात्यांना वाटले, बाळंतीण आहे, आईच्या हाताखाली राहील. ते दर आठवड्याला विचारीत, सून कधी येणार, आणि संपत म्हणे, येईल. वडीलधाऱ्यांच्या कानावर अशा गोष्टी घालायच्या नसतात, ही आमची रीत. त्या रीतीने तात्यांना आठ महिने बहिरेही ठेवले.

अखेर न्हाव्याच्या दुकानात कोणाच्या तरी तोंडून निसटले. त्याच दुपारी काठी टेकीत तात्या माझ्या दारी आले आणि पायरीवर बसले. पाणी दिले ते घेतले नाही.

"गुर्जी, मला दिसत न्हाय हे तुमाला ठावं हुतं?"

"होय," मी म्हणालो.

"आन् लोक काय बोलत्यात ते?"

"तेही."

तात्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. त्यांनी मला दोष दिला नाही. तो दिला असता तर मी आज हे लिहीत नसतो. मग त्यांनी सांगितले की दोन वर्षांपासून ते चेहरे पाहतच नव्हते. मूल हातात आले की बाया कुजबुजत, नाक काकाचं, कान आजाचं. तात्या तेच मोठ्याने म्हणत आणि लोक म्हणत, काय नजर आहे.

"मग त्या दिवशीही सगळ्या गयाबाईंचेच नाव घेत होत्या," मी म्हणालो. "तेवढे म्हटले असते तर."

"लोकाच्या मड्यावर खोटं बोललो, गुर्जी. गयावर खोटं बोलाया जीभ उचलली न्हाय. म्हनलं, आपलं लेकरू हाय, निवांत बघू. उजेडात बघू."

दुसऱ्या दिवशी, देवळापुढच्या पारावर माणसे बसलेली असताना, तात्या तेथे गेले आणि उभे राहून म्हणाले की मी आंधळा आहे, मला नात दिसलीच नव्हती, मी तिला बाजूला ठेवले नाही. मी त्यांच्यासोबत गेलो होतो. मीही सांगितले की हे खरे आहे. एकाने बोटे वर करून किती आहेत ते विचारले. तात्या म्हणाले, दिसत नाही. दुसरा, वयाने तात्यांएवढाच, मिशीत हसला.

"तात्या, जगबुडीला मेंढरं बरी दिसली हुती."

"तवा डोळं हुतं रं."

"आन् कोकरं अजून वळखताच की."

"ती हातानं वळखतू."

त्यांचे कोणी ऐकले नाही. मला वाटले होते की लोक रागावतील, फसवले म्हणतील. तसे काही झाले नाही. उलट सगळे हळवे झाले. म्हातारा देवमाणूस, सुनेची अब्रू झाकायला चांगला डोळस माणूस आंधळा झाला, असे म्हणू लागले. माझ्याही वाट्याला त्या पुण्याचा भाग आला. गुरुजी जन्मात पहिल्यांदा खोटे बोलले, तेही परोपकारासाठी. एका बाईने येऊन मला नमस्कार केला. निंदा खोडता येते. अशा स्तुतीला उत्तर नसते. ज्या नजरेवर त्यांनी इतकी वर्षे विश्वास ठेवला, ती गेली असे मानले तर त्यांच्या घराघरांत परत आलेली सगळी माणसे पुन्हा मेली असती.

संपत एकदा मला बसस्थानकावर भेटला. मोबाईल काढून त्याने मुलीचा फोटो दाखवला. तो दोन बोटांनी मोठा करी, कान पाही, भुवई पाही, पुन्हा लहान करी. म्हणाला, "माझा मंगलवर इस्वास हाय, गुर्जी. पर आमचं आबा कवा चुकल्यात का? कधी बघितलं तर समदं माझं दिसतंय. कधी कायबी न्हाय." मी त्याला पुण्याला जाऊन रक्ताची तपासणी करण्याविषयी सुचवले. तो तयारही झाला. मोरगावला निरोप मीच नेला, आणि मंगलचे उत्तर घेऊन मलाच परत यावे लागले.

ती शेळीची धार काढीत होती. हात न थांबवता म्हणाली, "रगात काढून ज्यास्नी खात्री पायजेल, त्यास्नी लेकरू कशाला? त्यास्नी कागद द्या."

तात्यांना हे सांगितले तेव्हा ते एवढेच बोलले, की कागद आला तरी लोक म्हणतील, म्हाताऱ्याने तो करून आणला.

बारामतीला डोळ्यांचे शिबिर भरले होते. मोतीबिंदू काढतात, दोन दिवसांत लख्ख दिसू लागते, असे समजल्यावर मी तात्यांचे नाव घातले आणि त्यांना घेऊन एसटीने गेलो. वाटेत ते प्रसन्न होते. कालव्याच्या पाण्याचा वास आला की गाव ओळखून सांगत होते. शिबिराच्या फाटकाशी रांग होती. तेथे तात्या एकाएकी थांबले आणि माझा दंड धरून मला बाजूला, एका भिंतीच्या सावलीत घेऊन गेले.

"डोळं आलं की मी तिला बघनार, गुर्जी."

"त्यासाठीच तर आलो आहोत."

"बघितल्याबिगर ऱ्हानार न्हाय. साठ वर्सं त्येच केलंय. आन् बघितलं की मन काय तरी बोलनारच." त्यांची पकड घट्ट झाली. "गयावानी न्हाय, असं बोललं तर? संपतवानी न्हाय, असं बोललं तर मी काय करू?"

मी म्हणालो की तात्या, तुम्हीच सांगितलेत की लोक खरे झालेले तेवढे लक्षात ठेवतात. चेहऱ्यात काही नसते. ज्याला जे हवे किंवा ज्याचे भय वाटते तेच दिसते.

"ते लोकांचं," तात्या म्हणाले. "माझी नजर खरी हुती."

हे वाक्य मी विसरू शकलेलो नाही. त्या नजरेने त्यांचे घर मोडले होते, आणि तरी त्यांची तिच्यावर गावापेक्षा अधिक श्रद्धा होती. आम्ही शिबिरात न जाता परतलो. त्यांनी आंधळेपण पत्करले आणि त्या नजरेला पुन्हा उघडू दिले नाही.

त्यानंतर त्यांनी जे केले ते आमच्या भागात कोणी केलेले नव्हते. सासऱ्याने सुनेच्या माहेरी पाण्याचा घोटही संकोचाने घ्यावा, अशी आमची रीत. तात्या आपल्या उरलेल्या सात मेंढ्या आणि गयाबाईंचा टाक घेऊन मोरगावला गेले आणि मंगलच्या वडिलांच्या शेताच्या कडेला छप्पर घालून राहिले. मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती आणि सगळे तिला नुसते बाळी म्हणत. तात्यांनी मला निरोप पाठवला की राहिलेले बारसे पुरे करायचे आहे.

पाळण्यात न मावणाऱ्या मुलीला मंगलच्या बहिणीने मांडीवर घेतले. मी विचारले की गयाबाईंचे नाव ठेवायचे ना. तात्या म्हणाले, "नगं. आदी हुऊन गेल्याल्या कुनाचंच नगं." मी थोडा विचार केला आणि पूर्वी कधी नव्हती ती, अपूर्वा, असे सुचवले. तात्यांनी ते दोन-तीनदा पुटपुटून पाहिले. जमले म्हणाले. संपत त्या दिवशी आला होता. टँकर रस्त्याच्या कडेला उभा करून त्याने खाऊची पिशवी खिडकीतून दिली. खाली उतरला नाही. अजूनही उतरत नाही, असे ऐकतो. पण दर महिन्याला थांबतो.

मी तात्यांना अखेरचे पाहिले त्याला आता तीन वर्षे झाली. चतुर्थीला मोरगावी गणपतीच्या दर्शनाला गेलो होतो. परतीच्या एसटीला अवकाश होता म्हणून शेतावर गेलो. सांज होत आली होती. अपूर्वा सहा वर्षांची झाली होती. तात्या जमिनीवर घोंगड्यात बसले होते आणि ती वाघरीतून एकेक कोकरू आणून त्यांच्या पुढ्यात धरीत होती. तात्या कोकराच्या कानामागून, कपाळावरून, नाकाडावरून बोटे फिरवत आणि मेंढीचे नाव सांगत. ती पळत जाऊन त्याला लावून येई. माझा आवाज ऐकून त्यांनी हात जोडले, थोडे चुकीच्या दिशेला. देव आज काय नेसला आहे, असे त्यांनी विचारले आणि मी या वेळी पाहून आलो होतो ते सांगितले.

शेवटचे एक कोकरू उरले असताना मुलीला काय वाटले कोण जाणे. ती तात्यांच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसली, डोळे मिटले आणि आपले तोंड त्यांच्याजवळ नेले.

"आता माजं बगा, आबा."

तात्यांचे दोन्ही हात वर उठले होते, ते तसेच थांबले. मग त्यांनी ते मागे घेतले आणि घोंगड्याच्या आत, काखेत घट्ट दाबून धरले.

"तुजं काय बघायचं," ते म्हणाले. "तू हायीस की."

मुलीने डोळे उघडले आणि हसली. मावळतीचा उजेड तिच्या तोंडावर तिरपा आला होता, आणि मी, ज्याने पुन्हा कधी कोणाच्या चेहऱ्यात साम्य पाहायचे नाही असे ठरवले होते, त्याने पाहिले. मला जे दिसले ते मी कोणालाही सांगितलेले नाही. येथेही लिहिणार नाही. लिहिले, तर वाचणारा उद्या मोरगावच्या रस्त्याने जाताना तिच्यात तेच पाहील.

रस्त्यावर एसटीचा आवाज आला म्हणून मी उठलो. उरलेले कोकरू वाघरीत ओरडत होते. त्याची मेंढी दोन दिवसांपूर्वी मेली होती, असे मुलगी म्हणाली आणि तिने ते नेहमीसारखे छपराच्या कुडाशी, बाजूला ठेवले.

"थितं नगं," तात्या म्हणाले. "हिकडं आन."

गाडी सुटली तेव्हा मी खिडकीतून मागे पाहिले. घोंगडे खांद्यावरून घसरले होते, कोकरू मांडीवर होते, आणि तात्यांचे हात बाहेर आलेले होते.